बेस ऐकाया कान लागत्यात

नाही, मला एक सांगा, कुणाच्या घरी जायचं, त्याच्याच सतरंजीवर मांडी ठोकायची, त्याच्याच आईच्या हातचा चहा बशीत ओतून फुर्र फुर्र करायचा, आणि वर त्यालाच सुनवायचं, "आरं गड्या, बेस ऐकाया कान लागत्यात, कान!"... ही काय रीत झाली? आणि सुनवायचं कुणाला, तर नरसय्याला! 'कान' हा शब्द ज्याच्यासमोर चुकूनही काढायचा नाही, त्या नरसय्याला!

तुम्हाला नरसय्या माहीत नसणार. तुम्हाला सांगतो, सोलापूरच्या पूर्व भागात, म्हणजे जिथं घराघरातून तेलुगू ऐकू येतं... खरं म्हणजे ऐकू काहीच येत नाही, सगळीकडे यंत्रमागाचा खडखडाट, लोक नुसते ओठ हलवताना दिसतात... तिथल्या एका बोळात आमच्या नरसय्याचं घर. खाली दोन यंत्रमाग. एक नंबरचा चादरीचा, दोन नंबरचा टॉवेलचा; चालवणारा माणूस एकच, म्हणून एका दिवशी चालायचा एकच. त्यावर माळवद, आणि माळवदावर नरसय्याची एकुलती खोली. माळवद म्हणजे आपलं ते जुनं, मातीचं, हातभर जाड छत. खालची खटखट त्यातून वर येईपर्यंत दमून जाते हो, नुसती धप्... धप्... उरते. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

नरसय्याचे वडील लिंगय्या, त्यांना आख्खा बोळ नायना, म्हणजे तेलुगूत बाबा, म्हणायचा. नायनांचे कान गेलेले. पार गेलेले. जन्मभर मागासमोर उभा राहिलेला माणूस, दुसरं काय होणार? त्या बोळात चाळिशी उलटलेला प्रत्येक माणूस समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखतो, आणि पोरंही बघून बघून शिकतात. नरसय्याही शिकला होता. पण गंमत काय आहे माहीत आहे का... आपले कान गेलेत हे ज्याचे जातात त्याला कधी कळतच नाही! नायना आजही तक्रार करायचे, "हल्ली लोकं लई हळू बोलायला लागलीत बाबा!" आता बोला!

तर ही गोष्ट सत्त्याहत्तरची. नरसय्याला टेलिफोन खात्यातून बोलावणं आलं होतं. ऑपरेटर! कानाला ते लावायचं, "हॅलो सोलापूर, बोला मुंबई" म्हणायचं, सरकारी पगार, पंख्याखाली खुर्ची. घराण्यात मागाशेजारून उठून खुर्चीत बसणारा पहिला माणूस! लेखी झाली, तोंडी झाली, उरली फक्त डॉक्टरी तपासणी. आणि तपासणी कसली? कानांची! डॉक्टर पाठीमागं उभा राहून हळूच कुजबुजतो, आपण ते जसंच्या तसं म्हणून दाखवायचं. पाठीमागं! म्हणजे ओठ बघायची सोयच नाही! नापास झाला तर सरळ माळवदाखाली, नायनांच्या शेजारी, जन्मभर.

आता तुम्ही म्हणाल, मग त्यात घाबरायचं काय, ऐकू येत असेल तर येईलच की. तीच तर बोंब आहे! नरसय्याला ऐकू येत नव्हतं. म्हणजे सगळं येत होतं, फक्त बेस येत नव्हता.

बेस म्हणजे काय, हे मला विचारू नका, मानसिंगला विचारा. अकलूजचा मानसिंग, घरी उसाचे फड, कॉलेजसाठी सोलापुरात खोली घेऊन राहिलेला, कपाळावर झुलपं, पायात बेलबॉटम. त्यानं मुंबईहून एक रेकॉर्ड प्लेअर आणला, सुटकेसएवढा, सेलवर चालणारा, झाकणातच बशीएवढा स्पीकर. आणि त्याच्यासोबत विलायती बँडांच्या तबकड्या. पण वाजवायच्या कुठं? मानसिंगचा घरमालक माळकरी, तो म्हणाला हे किंचाळणं माझ्या घरात नको. दुसरा दोस्त मडिवाळप्पा, त्याच्या वडिलांचं कापडाचं दुकान, घर दुकानाच्या मागं, गिऱ्हाईक पळून जाईल म्हणून तिथंही नको. मग राहिलं कुठलं घर, जिथं आवाजाचं कुणाला काही वाटत नाही? जिथं आधीच सकाळपासून रात्रीपर्यंत खडखडाट आहे, ते! नरसय्याची माडी!

झालं. रोज संध्याकाळी हे दोघं वर येऊन बसायला लागले. मडिवाळप्पाकडं रद्दीतून आलेलं एक इंग्रजी मासिक होतं, त्यात म्हणे लिहिलं होतं की रॉक म्हणा, फंक म्हणा, त्या संगीताचा खरा जीव बेस गिटारवाला, म्हणजे जाड, खोल आवाजाची गिटार वाजवणारा. गाणारा नुसता नाचतो, गिटारवाला नुसता मिरवतो, पण घर उभं असतं ते बेसवर. आणि पुढं लिहिलं होतं, बेस कानानं ऐकायचा नसतो, तो बसल्या जागी, खालून वर अंगात चढतो! हे वाक्य मडिवाळप्पानं वाचून दाखवलं आणि दोघं सतरंजीवर सरसावून बसले. तबकडी लागली. आणि काय सांगू तुम्हाला... चढला! दोघांच्या अंगात खालून वर बेस चढला!

"ह्यो बग! ह्यो बग!" मानसिंग मांडीवर थाप मारून ओरडला. "एंटविसल! त्या 'हू' नावाच्या बँडचा! बाकीचे समदे उड्या मारत्यात, गिटारी फोडत्यात, आन् ह्यो गडी खांबावानी उभा! नुसती बोटं चालत्यात! धप्, धप्, धप्... हाय का कुणाची टाप?"

"खांब काय करायचा बे खांब!" मडिवाळप्पा तावातावानं. "लॅरी ग्रॅहम ऐक की! अंगठ्यानं तार ठोकतो, अंगठ्यानं! फंक म्हणतात त्याला. तुझा एंटविसल वाजवतो, माझा ग्रॅहम ठोकतो. फरक आहे की नाही? सांग की रे नरसू!"

आणि नरसू काय सांगणार? नरसूला गाणाऱ्याचा गळा ऐकू येत होता, गिटार ऐकू येत होती, झांजा तर कानात घुसत होत्या. धप् धप् कुठं होतं? कुठं होतं हो? त्यानं कान टवकारले, श्वास रोखला, झाकणाला जवळजवळ कान चिकटवला... काही नाही! टीं टीं, चीं चीं, झुं झुं, आणि खाली काही नाही.

"मला... तसं काही ऐकू येत नाही," तो चाचरत म्हणाला.

"आरं, बेस ऐकाया कान लागत्यात, कान!" मानसिंग म्हणाला, आणि दोघं खदाखदा हसले.

हसले! त्यांना काय, त्यांचं काय जाणार होतं? पण नरसय्याची नोकरी जाणार होती. त्याला आठवलं, नायनांचंही असंच सुरू झालं होतं म्हणे. आधी जाड आवाज गेले की बारीक, ते त्याला माहीत नव्हतं, पण भ्यायलेला माणूस असल्या बारीकसारीक चौकशा करत नाही. त्या दिवसापासून त्यानं ठरवलं, कुणाला कळू द्यायचं नाही. आणि बोळातली विद्या कामाला आली! हे दोघं मान डोलावतात तेव्हा आपण डोलावायची, ते मांडीवर थाप मारतात तेव्हा मारायची, ते "आहाहा" म्हणायच्या बेतात आले की ओठांवरून ओळखून त्यांच्याआधीच "आहाहा"! ते त्याला म्हणायला लागले, "नरसू आता तयार झाला." तयार कसला, धास्तीनं अर्धा झाला होता!

वर त्यालाही एक बाजू घ्यायला लावली. वाद म्हटला की तिसरं मत पाहिजेच. यानं घाईघाईत बूट्सी कॉलिन्स धरला. का? तर मासिकात त्याचा चष्मा चांदणीच्या आकाराचा होता. चष्म्यावर बेसवादक निवडणारा जगातला पहिला रसिक असेल हा!

आणि वाद तरी केवढे! तुम्हाला सांगतो, एंटविसल आणि ग्रॅहम यांना सात समुद्रापलीकडं उचक्या लागत असतील. मानसिंगचं म्हणणं, सोमवारी एंटविसलची तबकडी लावली तर बेस कसा जाड, भारदस्त, आणि मंगळवारी ग्रॅहमची लावली तर हलका, झपझप. मडिवाळप्पा म्हणायचा, हलका नाही बे, चपळ! मग बुधवारी ग्रॅहम अचानक जाड वाजला. तेव्हा मडिवाळप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं, "बग, मनात आलं तर तेही करतो की नाही!" आणि एकदा तर ऐन गाण्यात बेस थांबला. थांबलाच. मानसिंगनं डोळे मिटले, हात वर केला, "चूप. थांबलाय त्यो. वाजवाया कुणीबी वाजवंल, थांबाया काळीज लागतंय." दोघं श्वास रोखून बसले. आणि थोड्या वेळानं... धप्! "वा रं पठ्ठ्या!" त्याच वेळी इकडं नरसय्याच्या मनात आपलं सहज येऊन गेलं, खाली नायनांचा धागा तुटला होता वाटतं, आता गाठ मारून माग सुरू केला असेल. पण एवढी मोठी माणसं थांबण्याचं मोल सांगत असताना धाग्याबद्दल काय बोलायचं? तो "आहाहा" म्हणाला.

हसताय? तुम्हाला एवढ्यात कळलं? मग तुम्ही त्या माडीवर नव्हता म्हणून! आता म्हणाल, खाली माग चालतो हे त्या दोघांना माहीत नव्हतं का? होतं की! मागांमधूनच तर जिना चढून यायचे. पण खालचा आवाज कसा, खट्याक् खट्याक्. तो खालीच राहिला असं त्यांनी धरून चाललेलं. वर जे येत होतं ते धप् धप्, आणि मासिकात छापून आलेलं की ते खालून वर चढतं! छापील मजकूर पुढ्यात असल्यावर माणूस जिन्यात कशाला बघतो?

असो. तर तपासणी सोमवारी, आणि आदल्या शनिवारी मानसिंगनं जाहीर केलं, "आज निकाल! सगळ्यात थोर बेसवाला कोण, आजच काय त्ये ठरवायचं." आणि कसं ठरवायचं? तर म्हणे प्रत्येकानं डोळे मिटून बसायचं आणि बेसच्या ठोक्याला ठोका मांडीवर वाजवायचा, ज्याच्या तबकडीवर तिघांचे हात एकत्र पडतील तो जिंकला. डोळे मिटून! म्हणजे सोमवारचा डॉक्टर शनिवारीच आला की दारात! ओठ नाहीत, माना नाहीत, नुसते कान.

तेवढ्यात अम्मा, म्हणजे त्याची आई, चहा घेऊन वर आली. पोराचा चेहरा बघून म्हणाली, "काय रे, ताप आहे का?" आणि कपाळाला हात लावायचा सोडून तिनं लावला कानाला. जुनी सवय. हा लहान होता तेव्हापासून ही बाई त्याच्या दोन्ही कानांत सुताचे बोळे कोंबायची. नायनांनी कधी घातले नाहीत. ते म्हणायचे, मागाचं दुखणं आवाजावरून कळतं, कान बंद करून कसं चालेल? त्यांनी कान दिले आणि माग राखला. अम्मा म्हणायची, बापाचे गेले ते गेले, पोराचे मी जाऊ देणार नाही. आता या माउलीला कुठल्या तोंडानं सांगायचं, की अम्मा, तुझे बोळे फुकट गेले?

अम्मा खाली गेली. तबकडी फिरायला लागली. तिघांनी डोळे मिटले. मानसिंगची थाप पडतेय, मडिवाळप्पाची थाप पडतेय, अगदी एकाच ठोक्याला हं, आणि नरसय्याचा हात हवेत तसाच. खाली येईना. कुठं आणायचा? त्यानं देवाचं नाव घेतलं, एकदा आणला, तो नेमका त्यांच्या दोन थापांच्या मधोमध पडला.

"नरसू, चुकतोयस बे," मडिवाळप्पा डोळे मिटूनच.

दुसऱ्यांदा आणला, तोही मधेच. आणि मग त्याचा बांध फुटला. "मला ऐकू येत नाही!" तो ओरडलाच. "काहीच ऐकू येत नाही! पहिल्या दिवसापासून येत नाही! माझे कान गेलेत, सोमवारी मी नापास होणार, कसला एंटविसल अन् कसला ग्रॅहम, तुम्ही जा बघू आपापल्या घरी!"

मानसिंगनं डोळे उघडले. वाईट माणूस नव्हता तो, जरा ओशाळला. म्हणाला, "आरं पण एवढा ढणढणीत वाजतोय... बेस ऐकाया कान..."

आणि लाईट गेली.

म्हणजे दिवेलागणीची वेळ, अंधार नव्हता, पण पंखा थांबला. पंखा थांबला, खालचा माग थांबला, आजूबाजूच्या सगळ्या बोळांतले माग थांबले. आणि रेकॉर्ड प्लेअर? तो सेलवर! तो आपला फिरतोय, गाणारा गातोय, गिटार टीं टीं, झांजा झुं झुं...

"बेस कुटं गेला?" मानसिंग म्हणाला.

"माग थांबले," नरसय्या म्हणाला.

दोघं एकाच वेळी बोलले बरं का. तुम्हाला सांगतो, मागाच्या घरात जन्मलेल्याला चालू माग कधीच ऐकू येत नाही, तो बंद पडला तर मात्र झोपेतून उठून बसेल. नरसय्या खिडकीशी गेला, नायना कपाळाचा घाम पुसत अंगणात आलेले. इकडं मडिवाळप्पा प्लेअर हलवतोय, "सेल उतरले काय बे?" सेल कसले उतरतायत, गाणं खणखणीत चाललंय! मानसिंगनं सुई उचलली, पुन्हा ठेवली. टीं टीं. दुसरी तबकडी लावली. चीं चीं. ग्रॅहमचा अंगठा नाही, एंटविसलची बोटं नाहीत. त्या बशीएवढ्या स्पीकरमधून बेस येतच नव्हता हो! कधी आलाच नव्हता!

आणि लाईट आली. पंखा फिरला, खाली नायनांनी जाऊन एक नंबरचा दांडा ओढला... धप्... धप्... धप्...

"आला!" मडिवाळप्पा आनंदानं ओरडला, आणि मग हळूहळू त्याचा चेहरा पडत गेला, पडत गेला, पार सतरंजीपर्यंत गेला. मानसिंग खाली माळवदाकडं बघत बसला. थांबायला काळीज लागतं म्हणाला होता ना? धाग्याला गाठ मारायला जेवढा वेळ लागतो तेवढं काळीज!

आणि नरसय्या? अहो, नरसय्या नाचायला लागला! "नव्हतंच! नव्हतंच ते! मला ऐकू येत नव्हतं कारण तिथं काही नव्हतंच!" त्यानं मडिवाळप्पाला मिठी मारली, मानसिंगच्या झुलपांतून हात फिरवला, एकेक सोडून दोन दोन पायऱ्या उतरत खाली गेला आणि मागापुढं उभ्या नायनांच्या गळ्यातच पडला. नायना बिचारे गोंधळले, "एमैंदि रा? काय झालं रे?" हा ओठ मोठे मोठे हलवून सांगतोय, "नायना, माझे कान शाबूत आहेत!" नायनांनी ओठांवरनं वाचलं. एकदा वाचलं, पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा वाचलं. डोळे भरून आले त्यांचे. आणि मग एकदम त्याचं बखोटं धरून म्हणाले, "शाबूत आहेत ना? मग हितं मागापाशी कशाला उभा आहेस गाढवा! बाहेर हो आधी!" आणि ढकलत ढकलत त्याला पार बोळाच्या टोकाला नेऊन सोडला.

सोमवारी काय झालं विचारता? डॉक्टर पाठीमागं गेला, कुजबुजला, "बत्तीस." नरसय्या म्हणाला, "बत्तीस. आणि तुमचा डावा बूट करकरतोय, बाहेर नळ गळतोय, आणि पलीकडच्या खोलीत कुणीतरी चहा पितंय." डॉक्टर म्हणाला, पुरे बाबा, पास! घरी येऊन त्यानं अम्माच्या हातात पेढा ठेवला, तर तिनं आधी त्याचे दोन्ही कान दोन्ही हातांनी धरून मोडली कडाकडा बोटं आणि मग खाल्ला पेढा. एवढं हलकं, एवढं मोकळं त्या घराला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

आता तुम्हाला वाटेल, संपलं. वाद मिटला. माणसाला लाज असेल तर मिटेल ना! मानसिंग ईर्ष्येनं मुंबईला गेला आणि कपाटाएवढ्या दोन स्पीकरांचा स्टिरिओ घेऊन आला. मडिवाळप्पाच्या गोडाऊनमध्ये कापडाच्या गठ्ठ्यांवर बसून तिघांनी ऐकला. आणि आला की बेस! खरा! सगळ्यात आधी नरसय्याच म्हणाला, "अरे, हा होय तो! आला की ऐकू! काय सुंदर वाजवतात हो!"

पण हे दोघं एकमेकांकडं बघायला लागले. मडिवाळप्पानं नाक मुरडलं, "काय की बे... मजा नाही." मानसिंग म्हणाला, "व्हय. लई गुळमुळीत वाटतंय. खालनं वर चडंना झालंय." आणि गुपचूप दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, तीच सुटकेस घेऊन, तोच जिना चढून, तीच सतरंजी! तबकडी लावली, अंगात धप् धप् चढलं, दोघांनी समाधानानं डोळे मिटले, आणि एकमतानं ठरवून टाकलं, की विलायतेत कुणी का असेना, जगातला सगळ्यात थोर बेसवाला खाली चादर विणतोय, आणि त्याला स्वतःला त्यातलं काही ऐकू येत नाही.

चला, निकाल तरी लागला, म्हणून नरसय्या ड्युटीवर जायला उठला. तर मानसिंग म्हणतो, "पण एक नंबरचा मागच खरा. चादरीचा हात कसा जाड पडतोय, भारदस्त!" की लगेच मडिवाळप्पा उसळला, "काय बोलतोस बे! दोन नंबर ऐक की, टॉवेलचा! चपळ! सांग की रे नरसू, एक थोर की दोन?"

नरसय्यानं पायात चप्पल सरकवली, दोघांकडं बघून हात जोडले आणि तोंडभर हसून म्हणाला, "मला विचारू नका बाबांनो, मला तर काहीच ऐकू येत नाही!"